मास्तर हलले की दीड

मी या गल्लीत अर्ध्या तासासाठी आलो होतो. त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली. मधल्या काळात निघायचं मनात आलं नाही असं नाही, पण दर वेळी कोणीतरी विचारलं, "चहा झाला का?" आणि राहूनच गेलं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा, अंगानं चिपाड, आणि ताईकडे राहून तिच्या नवऱ्याच्या जिवावर जेवत होतो. भाऊजी माणूस चांगला, पण चांगुलपणालाही तळ असतो, आणि मी रोज तिथं पळी आपटत होतो. चार मुलाखती दिल्या, चारही ठिकाणी "कळवतो" म्हणाले. पाचवीचं पत्र आलं तेव्हा भाऊजींनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, "ही शेवटची. माझा लग्नातला कोट देतो, माझं घड्याळ देतो. एवढं करून नोकरी लागली नाही, तर सोमवारी तू काकांच्या वीटभट्टीवर."

काकांच्या वीटभट्टीवर मी पूर्वी आठ दिवस काढले होते. परत आल्यावर महिनाभर मी शिंकलो की घरात लाल ढग उठायचा. ताईनं मला स्वयंपाकघराच्या भिंतीकडे तोंड करून शिंकायला लावलं आणि रंगाचा खर्च वाचवला. भिंत अजून तशीच आहे, खोटं वाटत असेल तर बघून या. तर सांगायचं म्हणजे, त्या नोकरीवर माझं सगळं टांगलेलं होतं.

भाऊजींच्या कोटात माझ्यासारखे दोघे आरामात राहिले असते आणि तिसऱ्याला पोटभाडेकरू ठेवता आलं असतं. म्हणून ताईनं तो आठवडाभर आधी या गल्लीतल्या एका शिंप्याकडे लहान करायला टाकला होता. मुलाखत दुपारी दोनला. ताई म्हणाली, "धाकट्या, दहालाच जा. कोट घे, तिथंच अंगावर चढव. तिथून कचेरी दहा मिनिटांवर आहे. आणि हे बघ, वाटेत कोणाशी बोलत बसू नकोस."

बाकी सगळं मी तिनं सांगितल्याप्रमाणे केलं.

गल्लीत पाऊल टाकलं आणि पहिल्याच वळणावर वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली, थेट माझ्या नाकासमोर थांबली. वरून बाईचा आवाज आला, "ठेव लवकर, हात दुखतोय!" काय ठेवायचं ते कळेना. घाईत खिशातला रुमाल ठेवला. टोपली वर गेली. तो रुमाल मला तीन दिवसांनी धुऊन इस्त्री होऊन परत मिळाला. कोणाला ठेवायला सांगितलं होतं, काय ठेवायचं होतं, हे आजतागायत कोणाला माहीत नाही. त्या बाईंनाही नाही.

पुढं एक किल्लीवाला उंबऱ्यावर बसून डोळे मिटून कुलूप घासत होता. त्याला विचारलं, "शिंप्याचं दुकान कुठं आहे हो?"

"हे काय समोर."

समोर पाटी होती, कात्रीचं चित्र होतं, कुलूप होतं आणि पायरीवर मांजर झोपलं होतं.

"हे तर बंद आहे."

"बंदच असतं. तुम्हाला दुकान हवंय का शिंपी हवाय?"

"शिंपी."

"मग तसं विचारा की राव. किती वाजले?"

"अहो, मी विचारतोय शिंपी कुठं आहे."

"आणि मी तेच सांगतोय. किती वाजले?"

मी भाऊजींचं घड्याळ बघितलं. ते सातावर थांबलेलं होतं. मी तसंच सांगितलं, "सात."

"सातला मास्तर घरी आंघोळीला असतात," किल्लीवाला म्हणाला, आणि पुन्हा डोळे मिटून घासायला लागला.

मी तिथं खांबासारखा उभा. मग त्यालाच दया आली आणि त्यानं समजावून सांगितलं. ते मला तेव्हा अर्धंच समजलं, तुम्हाला पुरतं सांगतो. आमची गल्ली अरुंद, घरं उंच. ऊन खाली पोचतं ते एका पट्ट्यापुरतं, आणि तो पट्टा दिवसभर गल्लीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकतो. शिंप्याला काळ्या कापडावर काळा टाका घालायचा असतो, त्याला उजेड हवा. त्याच्या स्वतःच्या दुकानात ऊन येतं संध्याकाळी पाचला, तेही अर्धा तास. म्हणून त्यानं पायमशीनला चाकं बसवून घेतली होती. सकाळी तो चहावाल्या मावशीकडे बसायचा, अकराला घड्याळजीकडे, साडेबाराला न्हाव्याकडे, दीडला पुस्तकं बांधणाऱ्याकडे. कोणी कोणाला भाडं देत नव्हतं, कोणी कोणाला नको म्हणत नव्हतं. फरशीवरून ते मशीन निघालं की असा खडखडाट व्हायचा की चौथ्या मजल्यावरची भांडी मांडणीत नाचायची. त्या खडखडाटावर सगळी गल्ली चालायची. दीडचा खडखडाट झाला की मावशी जेवणाची पानं वाढायची, म्हाताऱ्या आजी गोळी घ्यायच्या, आणि एक पिवळा कुत्रा उठून समोरच्या फुटपाथवर जाऊन झोपायचा.

"घड्याळजी आहे ना तुमच्याकडे?" मी म्हणालो. "मग लोक त्याला वेळ का विचारत नाहीत?"

किल्लीवाल्यानं डोळे उघडले. "त्याच्याकडची सगळी घड्याळं बिघडलेली असतात. बरोबर असती तर त्याच्याकडे कशाला आली असती?"

किल्लीवाल्यानं पुन्हा डोळे मिटले. 

मी मावशीच्या दुकानात गेलो. मावशी म्हणजे हातात कायम झारा घेतलेली, भरदार आवाजाची बाई. "मास्तर होय? बस. चहा घे. सांगते." चहा घेतला. "कोणाचा तू?" ताईचं नाव सांगितलं, भाऊजींचं सांगितलं, वीटभट्टीचं सांगितलं. बाकावरच्या सहा जणांनी त्यावर सहा मतं दिली. एकाचे मेहुणे वीटभट्टीत हरवले होते म्हणे. शेवटी एका भिंतीत सापडले, पण भिंत पक्की होती म्हणून कोणी पाडली नाही. मी तोंड उघडं टाकून ऐकत बसलो; मागच्या कोपऱ्यातून मशीन खडखडत निघालं तेही कळलं नाही. दुसरा चहा आला. तिसरा आला. आणि मावशी म्हणाली, "अगंबाई, मास्तर तर केव्हाच घड्याळजीकडे गेले!"

घड्याळजीकडे धावलो. चष्म्यावर चष्मा लावलेला बारीक माणूस. त्यानं माझ्याकडे न बघता माझ्या मनगटाकडे बघितलं. "थांबलंय," म्हणाला, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत भाऊजींचं घड्याळ उघडून त्याचे सगळे अवयव बशीत ओतले. भिंतीवर चाळीस घड्याळं होती आणि चाळीसांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एकाच वेळी सव्वातीन, पावणेनऊ आणि बारा वाजलेले बघून मला गरगरायला लागलं.

"मास्तर कुठं आहेत?"

"हे काय, इथंच..." त्यानं मागं वळून बघितलं. तेवढ्यात बाहेर खडखडाट झाला. "निघाले. साडेबारा वाजले."

म्हणजे माझे अडीच तास गेले होते. कशात, ते सांगता येईना.

न्हाव्याच्या दुकानात शेवटी मास्तर हाताला लागले. माझ्याहून चारपाच वर्षांनी मोठे असतील, पण चेहरा असा गंभीर की बघणारा आपोआप शर्टाचं वरचं बटण लावील. समोर टेबलावर भाऊजींचा कोट उताणा पडला होता, पोट उघडं, दोन्ही बाह्या खांद्यापासून सुटलेल्या. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"मास्तर, दोनला मुलाखत आहे!"

"तुमच्या ताईनं सांगितलंय. म्हणून तर बाहीत पाणी शिरणार नाही असा टाका घालतोय. बसा. दीडला मी उठतो, त्याआधी तुमचा कोट होईल. आजवर कधी दीडच्या पुढं गेलो नाही."

जीव भांड्यात पडला. बसलो. शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ गळ्याला पांढरं कापड गुंडाळून, तोंडभर साबण लावून बसले होते. डोळे आणि नाक तेवढं दिसत होतं.

आता इथं काय झालं ते नीट ऐका, कारण मला स्वतःला ते नीट कळायला बरीच वर्षं लागली. मास्तरांनी एक बाही टाचण्यांनी खांद्याला जोडली, दुसरी जोडायला घेतली, आणि उन्हाचा पट्टा उंबऱ्यावरून हलला. एरवी ते मशीन घेऊन निघाले असते. पण त्या कोटाला दोनशे टाचण्या लावलेल्या. हलवला असता तर दोन्ही बाह्या एकाच बाजूला आल्या असत्या.

"दादा, जरा आरसा धरता?" मास्तर न्हाव्याला म्हणाले.

न्हावी मनानं मोठा. त्यानं भिंतीवरचा आरसा काढला, बाहेर उन्हात जाऊन उभा राहिला आणि उजेड बरोबर मास्तरांच्या सुईवर पाडला. ऊन थोडं सरकलं, तोही सरकला. अधूनमधून कोणाच्या तरी हातात आरसा देऊन आत यायचा, त्या गृहस्थांच्या गालावरचा साबण वाळला म्हणून नवा लावायचा, "झालंच हं," म्हणायचा आणि पुन्हा आरशाकडे पळायचा. चारदा साबण लावला त्यानं. वस्तरा एकदाही नाही, कारण आरसा बाहेर आणि आरशाशिवाय तो वस्तऱ्याला हात लावत नसे.

मी वेळ जावा म्हणून साबणवाल्या गृहस्थांशी बोलायला लागलो. ताईनं बजावलं होतं ते वाटेत न बोलण्याबद्दल; ही तर खुर्ची होती.

"पलीकडच्या कचेरीत मुलाखत आहे," मी सांगितलं. "कारकुनाची जागा. तिथला मोठा साहेब म्हणे फार कडक आहे."

"असं म्हणतात?" साबणातून आवाज आला.

"दोन मिनिटं उशीर झाला तर दारातून परत पाठवतो. सकाळी नाश्त्याला घड्याळ खातो म्हणे."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. आणि हसायचं त्याला ठाऊकच नाही. लहानपणी एकदा हसला होता, तेव्हा वडिलांनी डॉक्टरकडे नेलं."

साबण थोडा हलला. "तुमची तयारी झालीय का? मी विचारू दोन प्रश्न? सराव होईल."

"विचारा की!"

"टपाल आलं. त्यात एक पत्र दुसऱ्याच कचेरीचं निघालं. काय कराल?"

"उघडलेलं की न उघडलेलं?"

"समजा चुकून उघडलंत."

"मग वाचीन," मी म्हणालो. "उघडलंच आहे तर निदान कोणीतरी वाचलेलं बरं. मग बंद करून स्वतः नेऊन देईन आणि माफी मागेन."

"हं. आणि दोन साहेबांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं सांगितली तर?"

"जो जवळ उभा असेल त्याचं आधी."

"वाईट नाही," गृहस्थ म्हणाले. असे त्यांनी पंधरावीस प्रश्न विचारले. मध्येच त्यांचं पोट गुरगुरलं, मग माझं. "आज भूक लवकर लागली," ते म्हणाले. "अजून दीडही वाजला नाही." बाहेर मावशीही तेच ओरडत होती, की आज साडेबारालाच लोकांच्या पोटात कावळे का ओरडायला लागलेत आणि भात दोनदा का गरम करावा लागतोय. वरच्या मजल्यावरून आजी म्हणाल्या, "आज दुपार चिवट आहे गं." पिवळा कुत्रा उठून उभा राहिला, कान टवकारले, खडखडाट ऐकू येईना म्हणून गोंधळून गोल फिरला आणि परत बसला. अख्खी गल्ली काहीतरी चुकतंय म्हणून अस्वस्थ होती, आणि काय चुकतंय ते कोणालाच सांगता येत नव्हतं. तुम्ही म्हणाल, वर बघायचं होतं. आमच्या गल्लीत वर बघितलं की वाळत घातलेली धोतरं आणि चादरी दिसतात. त्यांत सूर्य शोधत कोण बसणार?

शेवटी मास्तरांनी दात लावून दोरा तोडला. "घाला."

कोट घातला. आरसा नव्हता, पण गृहस्थांचे डोळे मोठे झाले तेव्हा कळलं की बसला. मी जन्माला आलो तेव्हाच तो माझ्या अंगावर असणार असं वाटत होतं. मास्तरांनी मशीनची कडी काढली आणि ते खडखडत निघालं. गल्लीनं सुटकेचा श्वास सोडला. मावशीनं पानं मांडली, आजींनी गोळी घेतली, कुत्रा रस्ता ओलांडून गेला.

"दीड!" मी म्हणालो. "चला, अर्धा तास हातात आहे."

मी ऐटीत गल्लीबाहेर पडलो, आणि थबकलो. मोठ्या रस्त्यावर सावल्या लांबच लांब पडल्या होत्या. शाळेतून सुटलेली मुलं घरी पोचून, खाऊन, पुन्हा खेळायला आली होती. एका माणसाला वेळ विचारली. "सव्वाचार," तो म्हणाला.

मला वाटलं, तो वेडा आहे. दुसऱ्याला विचारलं. तोही सव्वाचार. तिसरी बाई म्हणाली, "चार वाजून सतरा."  मी मागं वळून गल्लीकडे बघितलं. आत दीड वाजला होता. लोक जेवत होते. बाहेर सव्वाचार. मधल्या फरशीवर मी, भाऊजींच्या कोटात, आणि माझ्या नाकात आत्तापासूनच विटांचा वास.

तेवढ्यात गल्लीतून ते साबणवाले गृहस्थ गळ्यातल्या पांढऱ्या कापडासकट बाहेर आले. त्यांनीही कोणाला तरी वेळ विचारली आणि साबणाखालचा चेहरा साबणापेक्षा पांढरा पडला.

"दोन वाजता मुलाखती होत्या!" ते ओरडले.

"माझीसुद्धा!" मी ओरडलो.

मग आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्यांनी बाहीनं साबण पुसला. त्या चेहऱ्यावर हसू नावाचं काही कधी आलं असेल असं खरंच वाटत नव्हतं.

"मी रोज जेवणाच्या सुट्टीत दाढीला येतो," साहेब हळू आवाजात म्हणाले. "मास्तर हलले की मी उठतो. आठ वर्षांत एक मिनिट चुकलं नाही."

"साहेब, ते घड्याळ खाण्याचं मी..."

"ते राहू द्या. तुमची उत्तरं चांगली होती. पत्राचं तर फारच." त्यांनी कानामागचा साबण पुसला. मग म्हणाले, "पण मी तुम्हाला घेऊ शकत नाही. तिथं अकरा उमेदवार दोन तासांपासून बसलेत. आपण दोघं एकाच गल्लीतून, एकाच वेळी, इतक्या उशिरा पोचलो, तर लोक काय म्हणतील? आतून ठरवलं म्हणतील. आणि तुम्हाला उशीर माफ केला, तर मला स्वतःलाही माफ करावं लागेल. ते मला जमणार नाही."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं की चूक, यावर मी एक्केचाळीस वर्षं विचार करतोय. ते कापडासकट कचेरीकडे पळाले. मी परत गल्लीत आलो आणि मावशीच्या बाकावर बसलो. दुसरीकडे जायला माझ्याकडे जागाच नव्हती.

बातमी दुकानातून दुकानात गेली. न्हावी आरसा घेऊन आला, तो तोवर गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला पोचला होता. घड्याळजी भाऊजींच्या घड्याळाची बशी घेऊन आला. मास्तर मशीन मध्यावरच सोडून आले आणि मान खाली घालून उभे राहिले.

"माझीच चूक," मास्तर म्हणाले. "बाह्यांच्या नादात हललोच नाही."

"मी आरसा धरला नसता तर हलला असतात," न्हावी म्हणाला.

"मी चहाच पाजला नसता तर हा लवकर पोचला असता," मावशी म्हणाली. "पण माणसाला चहा पाजायचा नाही म्हणजे काय? आणि घड्याळजी, तुम्ही कशाला घड्याळ उघडलंत? निदान सात तरी वाजत होते त्यात!"

"ते चूक होते," घड्याळजी म्हणाला.

"आता काय आहेत?"

त्यानं बशीत बघितलं. "आता काहीच नाहीत."

 मग मावशीनं झारा माझ्याकडे रोखला. "या पोराची नोकरी गल्लीनं घालवली. नोकरी गल्लीनंच दिली पाहिजे. आपल्याला वेळ सांगणारा माणूस नाही, म्हणून हे झालं. मास्तरांना कामात भान राहत नाही, त्यात त्यांचा काय दोष? इथं एक माणूस बसवा. त्यानं दुसरं काही करायचं नाही. वेळ झाली की टोल द्यायचा."

किल्लीवाल्यानं लगेच एक लोखंडी पट्टी आणून मावशीच्या दारावर टांगली. जेवण मावशीकडे, दाढी न्हाव्याकडे, कपडे मास्तरांकडे, आणि महिन्याचं काय द्यायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलं. माझी मान हो म्हणून हलली, की मावशीच्या झाऱ्याला भिऊन हलली, ते आठवत नाही.

घरी गेलो. भाऊजींनी कोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "लागली?"

"लागली."

"कुठल्या खात्यात?"

मी थोडा विचार केला. "वेळेच्या."

भाऊजींना ते फार मोठं खातं वाटलं. सोमवारी मी वीटभट्टीवर गेलो नाही, इथं येऊन बसलो. हातोडी घेतली, पट्टीकडे बघितलं, आणि अंगाला दरदरून घाम फुटला. माझ्याकडे घड्याळच नव्हतं. ते बशीत होतं; अजूनही आहे, घड्याळजी म्हणतो एक चाक सापडत नाही. कोणाला विचारायची सोय नव्हती, वेळ सांगणारा माणूस मीच. मग करणार काय? मी गल्लीत नजर टाकली. मास्तर न्हाव्याकडून उठत होते. मी जोरात टोल दिला. "दीड!"

मावशी कौतुकानं म्हणाली, "बघा, मिनिटाचा फरक नाही."

असं तीन वर्षं बिनबोभाट चाललं. कचेरीतले साहेबसुद्धा खिडकी उघडी ठेवून माझ्या टोलावर कचेरीचं घड्याळ लावायचे आणि उशिरा येणाऱ्याला दारातून परत पाठवायचे. मग एकदा मास्तरांबरोबर चहा घेताना मी सहज म्हणालो, "मास्तर, तुमचं उन्हाकडे बघणं मानलं बुवा."

"ऊन?" मास्तर म्हणाले. "तू आलास तेव्हापासून मी उन्हाकडे बघणं सोडलंय. वर मान करून करून मान आखडली होती. आता तू टोल द्यायला हातोडी उचललीस की मी उठतो."

मी कप खाली ठेवला. "मी तर तुम्ही उठायला लागलात की हातोडी उचलतो."

आम्ही दोघांनी हे कोणाला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका, साहेबांच्या जागी आता त्यांचा मुलगा बसतो आणि तो बापापेक्षा कडक आहे. आता रोज दुपारी मास्तर सुई हातात धरून माझ्याकडे बघतात, मी हातोडी धरून मास्तरांकडे बघतो. कोणीच हलत नाही. दोघांपैकी ज्याला आधी भूक लागते तो हलतो. मग गल्लीत दीड वाजतो.